गाभ्याला हात न लावता

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एखादी मध्यम फौंड्री डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाइकाची ऑर्डर नगांत येते, दर किलोवर ठरतो आणि गाडीत चढण्याआधी प्रत्येक आयटमचा माल काट्यावर जातो. कागदावर एका नगाचं वजन ४.२५० किलो, म्हणजे २०० नगांचे ८५० किलो व्हायला हवेत. काटा दाखवतो ८८८. मोल्ड ढिला ठोकला गेल्याने कास्टिंग फुगलं असेल, किंवा मोजणाऱ्याने नऊ नग जास्त टाकले असतील. कारण काहीही असो, चलन निघण्याआधी हा फरक कुणाच्या तरी नजरेत यायला हवा. तयार मिळणाऱ्या व्यवसाय-सॉफ्टवेअरमध्ये ही तपासणी सहसा नसते. असण्याचं कारणही नाही, कारण तेच सॉफ्टवेअर औषधाच्या डीलरला आणि शाळेलाही चालायचं असतं.

मग ती तपासणी आपण बसवायची. पण कुठे आणि कशी? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढची पाच वर्षं सुखाची जाणार की डोकेदुखीची, हे ठरतं. उदाहरणासाठी ईआरपीनेक्स्ट घेऊ. ते मुंबईत घडलं. रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून ज्या कामाला हात घातला, त्यातून पुढे हे सॉफ्टवेअर आणि त्याच्या बुडाशी असलेली ‘फ्रॅपे’ ही चौकट उभी राहिली. सर्व्हरवरचा कोड पायथॉनमध्ये, ब्राउझरमधला जावास्क्रिप्टमध्ये आणि माहिती सहसा मारियाडीबीत. ईआरपीनेक्स्टचा परवाना जीपीएल आवृत्ती ३ आहे, म्हणजे सगळा कोड उघडा.

कोड उघडा असला की पहिला मोह होतो तो थेट फाइल उघडून बदल करण्याचा. डिलिव्हरी नोटची, म्हणजे चलनाची, पायथॉन फाइल शोधायची, चार ओळी घालायच्या, सर्व्हर पुन्हा चालू करायचा. पाच मिनिटांत काम होतं आणि मालकही खूश. पण पुढची आवृत्ती आली की तीच फाइल मूळ लेखकांनीही बदललेली असते. मग अपडेट एक तर अडतं, नाही तर आपल्या चार ओळी पुसून पुढे जातं. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तपासणी बंद पडल्याचं कुणाला कळतच नाही. म्हणून या धंद्यात मुरलेली माणसं गाभ्याला हात लावत नाहीत. गाभ्यानेच बाहेरच्यांसाठी ज्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत तिथे आपला बदल जोडतात. त्या जागा वरपासून खोलपर्यंत थरांनी असतात, आणि काम भागेल त्यातल्या सर्वांत वरच्या थरावर थांबायचं असतं.

सर्वांत वरच्या थरावर कोड नाहीच. फौंड्रीवाल्याची पहिली मागणी असते ‘हीट नंबर’ची. भट्टीतून धातूचा एक घाणा निघाला की त्याला क्रमांक मिळतो, त्याच्या नमुन्याचं रासायनिक पृथक्करण होतं, आणि सहा महिन्यांनी एखादं कास्टिंग गिऱ्हाइकाकडे तडकलं तर त्या क्रमांकावरून मागे जाता येतं. होतकरू प्रोग्रॅमर लगेच ‘हीट नंबर’ नावाचा नवा रकाना तयार करतो. त्याआधी जरा विचार केला तर लक्षात येतं की ईआरपीनेक्स्टमध्ये ‘बॅच’ आहे आणि हीट म्हणजे बॅचच. आयटमला बॅच लागू करायची आणि फॉर्मवरचं लेबल बदलून ‘हीट नंबर’ करायचं. कोणत्या हीटचा किती माल शिल्लक आहे आणि कोणत्या गिऱ्हाइकाला किती गेला, याचे अहवाल आयते मिळतात. वेगळा रकाना काढला असता तर हे सगळे अहवाल आपल्यालाच लिहावे लागले असते. माझ्या मते ईआरपीतले निम्मे बदल हे सॉफ्टवेअरमध्ये आधीच असलेली गोष्ट न सापडल्यामुळे केलेले असतात.

वजनाचंही तसंच. आयटमच्या नोंदीत ‘एका नगाचं वजन’ हा रकाना मुळातच आहे आणि डिलिव्हरी नोटच्या प्रत्येक ओळीत त्यावरून एकूण वजन आपोआप निघतं. आपल्याकडे नाही ते फक्त काट्यावरचं प्रत्यक्ष वजन. म्हणजे मोठी वाटणारी मागणी एका रकान्यावर आली.

हा रकाना घालताना आत काय घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. फ्रॅपेत प्रत्येक गोष्ट ‘डॉकटाइप’ असते: ग्राहक, आयटम, डिलिव्हरी नोट, एवढंच काय, डॉकटाइप स्वतःसुद्धा एक डॉकटाइप. डॉकटाइप म्हणजे एका प्रकारच्या कागदाचं वर्णन. त्यात कोणते रकाने, कोणता सक्तीचा, कोण वाचणार, कोण लिहिणार, हे सगळं येतं. मूळ वर्णन सॉफ्टवेअरबरोबर एका फाइलमधून येतं आणि अपडेटच्या वेळी बदलू शकतं. आपण ‘कस्टम फील्ड’ घालतो तेव्हा त्या फाइलला धक्का लागत नाही. डेटाबेसमध्ये एक वेगळी नोंद होते: ‘डिलिव्हरी नोटच्या ओळीत, अमुक रकान्यानंतर, दशांशात आकडा घेणारा हा रकाना.’ त्याबरोबर त्या तक्त्यात खरोखरचा एक स्तंभ वाढतो. एखाद्या मूळ रकान्याचं लेबल बदललं, तो लपवला किंवा सक्तीचा केला, तर त्याची नोंद ‘प्रॉपर्टी सेटर’ म्हणून वेगळी राहते. फॉर्म उघडताना फ्रॅपे आधी मूळ वर्णन घेतं, त्यावर आपले रकाने चढवतं आणि शेवटी आपले बदललेले गुणधर्म. अपडेटमध्ये खालचा थर बदलला तरी वरचे दोन जागेवर राहतात ते यामुळे.

रकाना ओळीत घालायचा की कागदाच्या माथ्यावर, हा निर्णय मात्र सॉफ्टवेअर घेऊन देत नाही. प्लॅटफॉर्म काट्यावर आयटमनिहाय वजन होत असेल तर ओळीत. पूर्ण गाडी वे-ब्रिजवरच मोजत असतील तर माथ्यावर, कारण एका गाडीचं वजन तीन आयटमांत वाटून टाकणं म्हणजे आकडे बनवणं. हे ठरवायला डिस्पॅचच्या माणसाबरोबर अर्धा तास उभं राहावं लागतं. ऑफिसात बसून ते कळत नाही.

आणि रकाने फुकट नसतात. फ्रॅपेत साध्या मजकुराचा रकाना १४० अक्षरांचा असतो, डेटाबेस प्रत्येक अक्षरासाठी चार बाइटपर्यंत जागा धरतो आणि मारियाडीबीत एका ओळीची कमाल मर्यादा ६५,५३५ बाइटची आहे. हिशेब केला तर असे शे-सव्वाशे रकाने झाले की भिंत लागते. विक्री बिलासारख्या कागदावर मूळचेच रकाने भरपूर असतात. ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून रकाने वाढवणाऱ्या कंपनीला एक दिवस नवा रकाना घालताच येत नाही, आणि आलेला संदेश वाचून कुणाला काही उमगतही नाही.

आता नियम. अपेक्षित वजन आणि काट्यावरचं वजन यांत ठरलेल्या टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. टक्के गिऱ्हाइकागणिक वेगळे असतात, म्हणून ‘वजन सवलत टक्के’ हा रकाना ग्राहकाच्या नोंदीत घालू. ३ टक्के कोडमध्ये लिहून ठेवले तर उद्या एखाद्या गिऱ्हाइकाने २ म्हटल्यावर पुन्हा प्रोग्रॅमरला फोन करावा लागेल.

हाच नियम दोन ठिकाणी बसवता येतो आणि दोन्हींचा हेतू वेगळा आहे. एक जागा ब्राउझर. तिथे ‘क्लायंट स्क्रिप्ट’ लिहितात, आणि तिचा साचा सोपा आहे: कोणत्या कागदावर, कोणत्या रकान्यात बदल झाला की, कोणतं फंक्शन चालवायचं. काट्यावरचं वजन टाइप केलं की स्क्रिप्ट फरक काढते आणि ओळीखाली लाल अक्षरांत दाखवते. डिस्पॅचवाल्याला तिथल्या तिथे कळतं. पण ही सोय झाली, पहारा नव्हे. तीच डिलिव्हरी नोट एक्सेलमधून आयात होऊ शकते, मोबाइल अ‍ॅपमधून येऊ शकते किंवा काट्याला जोडलेला संगणक ती परस्पर पाठवू शकतो. त्या वाटांवर ब्राउझर नसतोच, मग त्यातली स्क्रिप्ट कुठून चालणार? पैसा, साठा किंवा कर यांना हात घालणारा नियम सर्व्हरवरच हवा. ब्राउझरमध्ये तो दुसऱ्यांदा लिहिला तर बरं, पण फक्त तिथेच लिहिला तर तो नाही असंच समजावं.

सर्व्हरवर नियम बसवायला फ्रॅपेने कागदाच्या आयुष्यातले ठरावीक क्षण मोकळे ठेवले आहेत. कागद जतन होण्याआधी ‘व्हॅलिडेट’ चालतं. सबमिट होण्याआधी ‘बिफोर सबमिट’, झाल्यावर ‘ऑन सबमिट’, रद्द होताना ‘ऑन कॅन्सल’. कागदाच्या पोटात एक आकडा असतो: ० म्हणजे कच्चा, १ म्हणजे सबमिट झालेला, २ म्हणजे रद्द. डिलिव्हरी नोट १ वर गेली की साठ्याच्या खातेवहीत नोंद पडते आणि नंतर तो कागद सहजी बदलता येत नाही.

आपली तपासणी यातल्या कोणत्या क्षणी? नवशिका ‘व्हॅलिडेट’ निवडतो, कारण नाव तसं आहे. पण फौंड्रीत डिस्पॅचचा माणूस सकाळी कच्ची नोट करून ठेवतो आणि माल काट्यावर जातो दुपारी. ‘व्हॅलिडेट’वर नियम लावला तर वजन नाही म्हणून कच्ची नोटही जतन होणार नाही, आणि तो माणूस अपेक्षित वजनच काट्याच्या रकान्यात टाकून मोकळा होईल. नियम पाळल्यासारखा दिसेल आणि त्याचा उपयोग शून्य असेल. म्हणून ‘बिफोर सबमिट’. नोट कितीदाही जतन करा, पण साठा हलवायच्या क्षणी वजन हवं आणि ते मर्यादेत हवं.

फंक्शन शब्दांत मांडायचं तर असं. ग्राहकाचे सवलत टक्के आण. प्रत्येक ओळ घे. एका नगाचं वजन भरलेलं नसेल तर थांब आणि तसं सांग, नाही तर पुढे शून्याने भागाकार होईल. प्रत्यक्ष वजनातून अपेक्षित वजन वजा कर, अपेक्षिताने भाग, चिन्ह काढून टाक, टक्के कर. मर्यादेबाहेर असेल तर चूक फेक. संदेशात आकडे द्यावेत: ‘ओळ ३: काट्यावर ८८८ किलो, अपेक्षित ८५० किलो, फरक ४.५ टक्के, मर्यादा ३ टक्के.’ नुसतं ‘वजन चुकीचं’ म्हटलं तर फोन ठरलेला.

एक खाच इथे लपलेली आहे. गिऱ्हाइकाने माल परत केला तर ईआरपीनेक्स्टमध्ये तीही डिलिव्हरी नोटच असते, फक्त नग उणे. उणे २० नगांचं अपेक्षित वजनही उणे येतं, काट्यावरचं मात्र अधिक, आणि फरक दोनशे टक्के निघतो. परत आलेल्या मालासाठी नियम वगळायचा, ही ओळ अनुभवी माणूस आधी लिहितो.

चूक फेकल्यावर जे घडतं ते या चौकटीतलं मला सर्वांत आवडणारं आहे. सबमिटची एक विनंती म्हणजे डेटाबेसचा एक व्यवहार. मध्ये कुठेही चूक फेकली गेली की तोवर त्या विनंतीने लिहिलेलं सगळं मागे फिरतं. अर्धा साठा हलला आणि अर्धा नाही, असं होत नाही. ही हमी मोडण्याचा एक हमखास मार्ग म्हणजे आपल्या फंक्शनमध्ये मधेच ‘कमिट’ लिहिणं. इंटरनेटवरच्या उत्तरांतून उचललेल्या कोडमध्ये ते बरेचदा असतं आणि काढून टाकावं लागतं. दुसरा मार्ग असा की सबमिट पूर्ण होण्याआधीच बाहेर काही पाठवणं. गिऱ्हाइकाच्या सर्व्हरला ‘माल निघाला’ असा निरोप गेला आणि पुढच्या ओळीत चूक आली, तर आपला डेटाबेस मागे फिरेल, निरोप फिरणार नाही. असे निरोप व्यवहार पक्का झाल्यावर चालणाऱ्या रांगेत टाकायचे, आणि तशी सोय फ्रॅपेत आहे.

कधी कधी फरक मान्य करूनच माल सोडावा लागतो. गिऱ्हाइकाची लाइन थांबलेली असते आणि तो म्हणतो पाठवा. त्यासाठी कोडमध्ये मालकाचं नाव लिहिणारे महाभाग आहेत. त्यापेक्षा ‘वजन फरक मंजूर’ अशी एक चौकट घालावी आणि तिला वेगळी परवानगी-पातळी द्यावी. क्वालिटीच्या भूमिकेतल्या माणसालाच त्यावर टिक करता येईल, बाकीच्यांना ती फक्त दिसेल. मूळ फंक्शनमध्ये एका अटीची भर पडते आणि कुणी मंजुरी दिली याची नोंदही राहते.

हे फंक्शन ठेवायचं कुठे? छोट्या कामाला ‘सर्व्हर स्क्रिप्ट’ पुरते. ती ब्राउझरमधूनच लिहिता येते, मात्र कुंपणात चालते. बाहेरची लायब्ररी ओढता येत नाही आणि सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये तिला आधी परवानगी द्यावी लागते. दोन-चार स्क्रिप्टपुरतं ठीक. पन्नास झाल्या की कोणती कुणी कधी बदलली याचा पत्ता लागत नाही. तेव्हा स्वतःचं छोटं अ‍ॅप करावं. त्यातली ‘हुक्स’ नावाची फाइल म्हणजे गाभ्याला दिलेली यादी: डिलिव्हरी नोट सबमिट होण्याआधी माझं अमुक फंक्शन बोलाव, रोज रात्री तमुक चालव. गाभा त्या क्षणी यादी पाहतो आणि ज्या ज्या अ‍ॅपने नाव नोंदवलं आहे, त्यांना एकामागून एक बोलावतो. आपला कोड गिटमध्ये राहतो, गाभ्याचा गाभ्याकडे.

हे किती ताणता येतं याचं उत्तम उदाहरण म्हणजे जीएसटी. चौदाव्या आवृत्तीपासून भारताचे जीएसटीचे नियम ईआरपीनेक्स्टच्या गाभ्यातून बाहेर काढले गेले आणि ‘इंडिया कंप्लायन्स’ या वेगळ्या अ‍ॅपमध्ये गेले. ई-इनव्हॉइस, ई-वे बिल, एचएसएन, एवढा पसारा आज याच हुक्सच्या वाटेने जोडलेला आहे. देशाची करपद्धती बाहेरून जोडता येते, तर आपल्या फौंड्रीचा वजनाचा नियम का नाही?

कल्पना फ्रॅपेचीच आहे असंही नाही. टॅलीच्या टीडीएल भाषेत मूळ फॉर्मच्या नावाआधी हॅशचं चिन्ह लावलं की तो फॉर्म नव्याने न लिहिता त्यावर भर घालता येते. ओडूत मूळ मॉडेलचा वारसा घेऊन तेच करतात. सॅपमध्ये ग्राहकाने लिहिलेल्या गोष्टींची नावं झेड किंवा वायपासून सुरू व्हावीत असा जुना रिवाज आहे, म्हणजे मूळ नावांशी टक्कर होत नाही. नावांची ही शिस्त ईआरपीनेक्स्टमध्येही पाळावी. उद्या मूळ लेखकांनीच ‘अ‍ॅक्च्युअल वेट’ नावाचा रकाना आणला तर आपला त्याच्याशी भिडेल. नव्या आवृत्त्यांत फॉर्मवरून घातलेल्या रकान्याच्या आतल्या नावाला ‘कस्टम’ हा उपसर्ग आपोआप लागतो तो याचसाठी.

सर्वांत खोल थर म्हणजे मूळ क्लासच बदलणं: डिलिव्हरी नोटचा गाभ्यातला क्लास बाजूला सारून आपला बसवणं. मूळ हिशेबाचीच पद्धत बदलायची असेल तर इलाज नसतो. पण हुक्सच्या उलट इथे एका वेळी एकच टिकतो. दोन अ‍ॅपनी एकच क्लास बदलला तर नंतर बसवलेलं जिंकतं आणि पहिलं मुकाट बाजूला पडतं. शिवाय मूळ फंक्शनची रचना पुढच्या आवृत्तीत बदलली की आपलं मोडतं. मी तरी कुणाला हा थर सुचवताना आधी तीनदा विचारतो, हुक्सने खरंच भागत नाही का?

रोज रात्री चालणाऱ्या कामाचं एक उदाहरण देतो, कारण फौंड्रीला ते हमखास लागतं. कास्टिंग मशीनिंगला जॉबवर्कवर बाहेर जातात. सीजीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे असा कच्चा माल साधारण एका वर्षात परत यायला हवा किंवा तिथूनच विकला जायला हवा. नाही तर तो पाठवल्या दिवशीच पुरवला असं धरून कर लागू शकतो. रात्रीचं फंक्शन प्रलंबित चलनं पाहतं आणि ३०० दिवस उलटलेल्या चलनांची यादी स्टोअरला पाठवतं. वीस-पंचवीस ओळींचं काम आहे.

छापील चलन मराठीत हवं असेल तर जिंजा या साचे लिहिण्याच्या भाषेत ते तासाभरात बसतं. फक्त पीडीएफ सर्व्हर बनवतो, आपला संगणक नव्हे, म्हणून देवनागरी फॉन्ट सर्व्हरवर बसवावा. नाही तर अक्षरांच्या जागी चौकोन येतात.

एक वाट मात्र बंदच ठेवावी: थेट एसक्यूएलने आकडे दुरुस्त करणं. एका आदेशात हजार ओळी सुधारतात खऱ्या, पण व्हॅलिडेट चालत नाही, हुक्स चालत नाहीत आणि बदलाचा इतिहास लिहिला जात नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालच्या नियमांनुसार कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, बंद न करता येणारी नोंद असणं बंधनकारक आहे आणि ऑडिटरला त्यावर मत द्यावं लागतं. मागच्या दाराने केलेली दुरुस्ती या नोंदीत दिसत नाही. जुन्या आयटमांत नगाचं वजन भरायचं असेल तर अ‍ॅपमध्ये ‘पॅच’ लिहावा आणि त्यातून प्रत्येक आयटम रीतसर जतन करावा. पॅच प्रत्येक साइटवर, म्हणजे प्रत्येक स्वतंत्र डेटाबेसवर, एकदाच चालतो आणि चालल्याची नोंद ठेवतो.

रकाने आणि प्रॉपर्टी सेटर ‘फिक्स्चर’ म्हणून अ‍ॅपमध्ये उतरवून ठेवले की नव्या साइटवर ते आपोआप उभे राहतात. मात्र दर अपडेटला फिक्स्चर साइटवरच्या नोंदींवर पुन्हा लिहिलं जातं. अकाउंटंटने मध्यंतरी फॉर्मवरून बदललेलं लेबल तेव्हा जुन्यावर जातं. तेव्हा फॉर्म बदलण्याचा हक्क एकाच माणसाकडे ठेवलेला बरा.

नवी आवृत्ती आली की आधी चालू साइटचा बॅकअप वेगळ्या चाचणी साइटवर उतरवायचा. तिथे गाभा आणि आपलं अ‍ॅप दोन्ही अपडेट करून ‘मायग्रेट’ चालवायचं. मग चार डिलिव्हरी नोट करायच्या: एक मर्यादेत बसणारी, एक मर्यादेबाहेरची, एक बाहेरची पण मंजुरीची टिक असलेली आणि एक परत आलेल्या मालाची. पहिली, तिसरी आणि चौथी सबमिट झाली, दुसरी अडली, आणि अडताना आकड्यांसकट संदेश आला, तर सुट्टीच्या आदल्या रात्री चालू साइटला हात घालायला हरकत नाही.